आधी व्हीसीडी, मग डीव्हीडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विकत घेतलेल्या सिनेमा-नाटकांच्या सीडी खराब होण्याआधी घरी त्यांची प्रत करून ठेवा, असे सांगणारे बरेच भेटतात. कशी करायची असे विचारले की ‘कॉम्प्युटरला लावा, कॉपी करा, पेस्ट करा’ एवढ्यावर विषय संपतो. डीव्हीडीला हे कधीकधी चालून जाते, व्हीसीडीला, म्हणजे सीडीवर उतरवलेल्या सिनेमा-नाटकाला, चालत नाही. आणि मराठी घरांतला जपण्याजोगा साठा तर व्हीसीडीवरच आहे : दोन-दोन तबकड्यांच्या पाकिटातून आलेली नाटके, एकपात्री प्रयोग, कीर्तने, लोकनाट्ये, गोव्यातल्या घरांत तियात्र. सिनेमा कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर पुन्हा लागतो. नाटकाचे जुने चित्रण पुन्हा बाजारात येईलच याची खात्री नसते. पत्र लांबले आहे, पण या कामात घोळ होतो तो तपशिलातच.

आधी व्हीसीडी अशासाठी की ती सगळ्यांत आधी दगा देते. सीडीवरची माहिती सेक्टर नावाच्या लहान तुकड्यांत लिहिलेली असते. साध्या डेटा सीडीवरचा प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटचा असतो. त्यात माहिती २०४८ बाइट, आणि २७६ बाइट चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेले. व्हीसीडीत ही राखीव जागाच काढून घेतली आहे. सेक्टरमागे २३२४ बाइट चित्राला आणि आवाजाला दिले आहेत. ८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर असतात. साध्या हिशेबाने त्यात सुमारे ७३.७ कोटी बाइट मावतात, व्हीसीडीच्या हिशेबाने ८३.७ कोटी. सेकंदाला ११५० किलोबिट चित्र आणि २२४ किलोबिट आवाज असे धरले की ८० मिनिटे बरोबर बसतात. जागा मिळाली, चिलखत गेले. सगळ्याच सीडींना असते ती खालच्या पातळीवरची दुरुस्ती तेवढी उरते, आणि ती माहितीच्या गोलाकार रेषेवरचा सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचाच खंड भरून काढू शकते. त्याहून लांब ओरखडा रेषेच्या दिशेने गेला की चित्राचे चौकोन पडतात आणि आवाज किंचाळतो. डीव्हीडीत १६ सेक्टरांचा एकत्र गठ्ठा करून दुरुस्तीचे गणित मांडलेले असते, त्यामुळे ती बरेच जास्त सोसते.

दुसरा फरक तबकडीच्या बांधणीत आहे. सीडीत चमकणारा थर छापील चित्राच्या लगेच खाली असतो. वर फक्त लाखेचा पातळ लेप. म्हणून सीडीची खालची, चकचकीत बाजू जपणारे आणि छापील बाजू टेबलावर घासत ठेवणारे लोक नेमके उलटे वागतात. खालचे ओरखडे १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिकवर असतात आणि पुष्कळदा पुसून-घासून सुधारतात. वरचा चरा थेट माहिती खरवडून काढतो, त्याला औषध नाही. डीव्हीडीत माहिती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असते; तिथे भीती चऱ्यापेक्षा वाकवण्याची. डबीच्या मधल्या खुंटीवरून ओढून काढताना तबकडी वाकते, आणि कडेने दोन चकत्या सुटू लागतात. खुंटी दाबायची आणि मग तबकडी उचलायची.

साठा एवढा का साचला याचे कारण वाचकांना आठवत असेल. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, आणि महिन्याच्या किराण्याबरोबर सिनेमाही घरी येऊ लागला. कोऱ्या सीडी बनवणारी मोठी भारतीय कंपनीही तीच. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. म्हणजे मूळ तबकडी आणि तिची प्रत ज्यावर करायची ती कोरी तबकडी, दोन्हींचा एक मोठा झरा एकदमच आटला.

कायद्याचे आताच सांगून टाकतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी केलेल्या रास्त वापराला सवलत आहे. २०१२ च्या दुरुस्तीआधी ती साहित्य, नाट्य, संगीत आणि कला यांच्यापुरती होती. दुरुस्तीनंतर कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून कोणत्याही कृतीला लागू झाली, म्हणजे सिनेमाही त्यात आला. त्याच दुरुस्तीने कलम ६५-ए आणले. हक्कभंगाच्या हेतूने प्रत रोखणारे डिजिटल कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असे ते म्हणते. ‘हक्कभंगाच्या हेतूने’ हे शब्द त्यात आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. मात्र कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या राखीव प्रतीसाठी कायद्यात जशी स्वतंत्र तरतूद आहे तशी सिनेमासाठी नाही. ती रास्त वापरातच बसवावी लागते. म्हणून पथ्य पाळावे. पैसे देऊन घेतलेली स्वतःची तबकडी, स्वतःच्या घरासाठी प्रत, आणि मूळ तबकडी आपल्याकडेच. लायब्ररीतून भाड्याने आणलेली नाही, मावसभावाची नाही, आणि प्रत ठेवून मूळ विकणे तर नाहीच. परदेशातल्या मराठी वाचकांचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडण्यालाच मनाई आहे. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये खासगी प्रतीला परवानगी दिली आणि जुलै २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती रद्द केली.

आता कामाकडे.

तबकडी ट्यूबलाइटसमोर धरून पाहावी. सुईने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर चमकणारा थर तिथे गेलेला आहे, आणि त्या तबकडीचा नंबर पहिला लावावा. मधल्या भोकापाशी तडा असेल तर ती कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालूच नये. ड्राइव्ह सीडीला मिनिटाला हजारो फेरे देते आणि तडकलेली तबकडी आत फुटू शकते. पुसायचे ते मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसणे ही सवय हाताला इतकी बसलेली आहे की मुद्दाम सांगावे लागते : माहिती गोलाकार रेषेत लिहिलेली असते, गोल पुसताना पडलेला बारीक ओरखडा एकाच रेषेवरची सलग माहिती खातो. मधून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा प्रत्येक रेषेचा थोडाथोडा भाग घेतो आणि तो भरून निघतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, चष्म्याचे मऊ फडके एवढे पुरते. चिकट डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाहीत, प्लास्टिक कायमचे धुरकट होते. दात घासायच्या पेस्टचा उपाय सगळीकडे फिरतो. तो घासून ओरखडा पसरट करतो आणि कधीकधी काम होतेही, पण आधी जेवढे वाचता येते तेवढे वाचून घ्यावे आणि मगच असले प्रयोग करावेत.

हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसते. यूएसबीवर चालणारी चपटी बाहेरची ड्राइव्ह मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत अजून मिळते. त्यातला नेहमीचा घोळ विजेचा. जुना यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो आणि लिहिताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागतात, मग मध्येच ‘पॉवर कॅलिब्रेशन’ची किंवा लेखनाची चूक येऊन कोरी तबकडी वाया जाते. दोन टोकांची यूएसबी वायर दोन पोर्टांत लावावी किंवा निळा यूएसबी ३ पोर्ट वापरावा. पोर्टांची संख्या वाढवणारा स्वस्त हब मध्ये घालू नये. जुन्या डेस्कटॉपमधली पूर्ण आकाराची ड्राइव्ह मिळाली तर ती सोडू नये. वाचनाला ती सहसा चपटीपेक्षा सरस ठरते. आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ड्राइव्ह हाताशी असणे हे या कामात नशीब म्हणायचे, कारण एकीला न वाचता येणारा सेक्टर दुसरी अनेकदा सहज वाचते.

व्हीसीडी उघडली की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये चित्रणाची डॅट फाइल दिसते. विंडोजमध्ये ती ओढून घ्यायला गेले की चांगल्या तबकडीची येतेही, आणि नाव बदलून एमपीजी केले तर व्हीएलसी या प्लेअर-सॉफ्टवेअरमध्ये चालतेही. म्हणून लोकांना वाटते झाले काम. पण ती फाइल तशीच साध्या डेटा सीडीवर लिहिली तर ती व्हीसीडी होत नाही, जुना प्लेअर तिला ओळखत नाही. मेनू आणि प्रकरणांच्या खुणा इतर फोल्डरांत असतात, त्याही सुटतात. शिवाय तबकडी जरा खराब असली की विंडोज ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ म्हणत संपूर्ण फाइल सोडून देते. ७० मिनिटांचे नाटक, एका सेकंदाच्या ओरखड्यामुळे हातचे जाते. लिनक्सवर तर ही फाइल साध्या कॉपीला दादच देत नाही.

व्हीसीडीची प्रत म्हणजे कच्ची प्रतिमा (इमेज), तबकडीची सेक्टरवार नक्कल : बिन (माहिती) आणि क्यू (तिची मांडणी) अशा दोन फाइल. विंडोजवर इमगबर्न हे काम करते. (त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे. इन्स्टॉल करताना सोबत येऊ पाहणारी भलती सॉफ्टवेअर नाकारायची, नुसते ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जायचे नाही.) तबकडीवरून इमेज करायचा पर्याय निवडला की व्हीसीडी ओळखून ते बिन-क्यू स्वतःच करते. वाचनाचा वेग कमाल न ठेवता आठपट (८x) किंवा त्याखाली ठेवावा. जुनी, किंचित वाकलेली तबकडी वेगात थरथरते आणि भिंग रेषेवर टिकत नाही. वाचनाच्या चुका आल्या तर त्या दुर्लक्षून पुढे जाण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो चालू करावा. खराब सेक्टरच्या जागी पोकळी राहते, क्षणभर चित्र फुटते, पण उरलेले नाटक मिळते. लिनक्सवर हेच काम सीडीआरडीएओ करते, आणि व्हीसीडीइमेजर या संचातली अवजारे त्या प्रतिमेतून चित्रण वेगळे काढून देतात.

बिन फाइल ८०० एमबीच्या पुढे गेलेली पाहून लोक घाबरतात आणि ‘७०० एमबीच्या सीडीवर कशी मावणार’ म्हणून ती कापायला घेतात. कापू नये. वर सांगितलेला २३५२ चा हिशेब आहे तो. क्यू फाइल निवडून लिहिली की ती ७०० एमबीच्या कोऱ्या सीडीवर बरोबर बसते. एकदाच लिहिता येणारी सीडी-आर घ्यावी, पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू जुन्या प्लेअरना दिसत नाही, तिचे परावर्तन फार कमी असते.

पण खरे सांगायचे तर २०० व्हीसीडींच्या २०० सीडी करत बसण्यात अर्थ नाही. बिन-क्यूच्या जोड्या हार्ड डिस्कवर आणि डेटा डीव्हीडीवर ठेवाव्यात, एका डीव्हीडीवर पाच-सहा मावतात. टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये लावून बघायचे असेल तर त्यासाठी एक युक्ती आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक आहे. डीव्हीडीच्या नियमांत व्हीसीडीचेच चित्र, ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, एमपेग-१ पद्धतीने दाबलेले, जसेच्या तसे चालते. अडते फक्त आवाजापाशी : व्हीसीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा, डीव्हीडीला ४८ लागतो. तेव्हा चित्राला हात न लावता फक्त आवाज ४८ वर न्यायचा (एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर ते एका ओळीच्या आज्ञेत करते) आणि डीव्हीडीऑथर किंवा डीव्हीडीस्टायलरने डीव्हीडी बांधायची. डीव्हीडीस्टायलरमध्ये चित्राच्या प्रकारापुढे ‘कॉपी’ निवडायला विसरू नये, नाहीतर ते सगळे चित्र नव्याने दाबून काढते. एका साध्या डीव्हीडीवर अशी सुमारे सात तासांची चित्रणे बसतात. दोन तबकड्यांतले नाटक सलग दिसते आणि दुसऱ्या अंकाआधी उठून सीडी बदलावी लागत नाही.

इथेच दुकानदारांच्या एका सेवेबद्दल सावध करावेसे वाटते. ‘व्हीसीडीचे एचडी करून देतो’ अशी पाटी दिसते. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांत जे नाही ते कुठूनही येत नाही; फाइल दहापट फुगते आणि चेहरे मेणाचे दिसतात. मोबाइलसाठी एमपी४ हवी तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरने जरूर करा, पण ती बघण्याची प्रत. जपण्याची प्रत बिन-क्यूचीच.

डीव्हीडीचे काम एका बाजूने सोपे आहे. व्हिडिओ-टीएस फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा तीन प्रकारच्या फाइल असतात. व्हीओबीत चित्र-आवाज, आयएफओत रचना आणि मेनूच्या वाटा, बीयूपी ही आयएफओचीच राखीव प्रत. म्हणून आयएफओ खराब निघाली तर त्याच क्रमांकाच्या बीयूपीचे नाव बदलून तिच्या जागी ठेवता येते. फोल्डर ओढून घेण्यापेक्षा संपूर्ण तबकडीची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली नक्कल, करणे चांगले.

अडचण कुलपाची. बऱ्याच डीव्हीडींवर सीएसएस नावाचे कुलूप असते. स्वस्तात विकल्या गेलेल्या अनेक भारतीय डीव्हीडींना ते नसते, म्हणून प्रत्येक तबकडी तपासावी. इमगबर्न उजवीकडच्या माहितीत सीएसएसचा उल्लेख दाखवते. कुलूप असलेली डीव्हीडी नुसती वाचायला घेतली की ड्राइव्ह व्हीओबीपाशी वाचनाची चूक देते. तबकडी बिघडली असे समजून लोक ती घासायला घेतात. ती धडधाकट असते, ड्राइव्ह ओळख पटल्याशिवाय ते सेक्टर देत नाही एवढेच. आणि कसेबसे सेक्टर उतरवून घेतले तरी प्रत चालत नाही, कारण तबकडीची किल्ली आतल्या कडेच्या पट्ट्यात असते आणि कोऱ्या डीव्हीडी-आरवर तो पट्टा कारखान्यातच निकामी करून ठेवलेला असतो. म्हणजे बिटामागून बिट उतरवलेली प्रत चालू नये याची सोय आधीच केलेली आहे. व्हीएलसीमध्ये अशा डीव्हीडी चालतात त्या तिच्यासोबतच्या, कुलूप उघडणाऱ्या लिबडीव्हीडीसीएसएसमुळे, आणि कुलूप काढून उतरवणारी मेकएमकेव्हीसारखी सॉफ्टवेअर आहेत. ती वापरताना वर सांगितलेले कलम ६५-ए आणि त्यातले हेतूचे शब्द डोक्यात असावेत.

विभागाचा (रीजनचा) क्रमांक, म्हणजे डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारा आकडा, ही वेगळी गोष्ट. भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या, युरोप आणि जपान दुसऱ्या. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा विभाग पाचदाच बदलता येतो, नंतर शेवटचा कायम होतो. ‘बदलू का’ असे विचारल्यावर सहज हो म्हणू नये. इथून नेलेल्या डीव्हीडी अमेरिकेतल्या टीव्हीवर न चालण्याचे कारण पुष्कळदा विभाग नसतो. आपली पाल ही टीव्हीच्या चित्राची पद्धत तिथल्या प्लेअरला कळत नाही. कॉम्प्युटरला आपली आणि तिथली, दोन्ही कळतात.

ओरखडलेल्या डीव्हीडीसाठी लिनक्सवरचे जीएनयू डीडीरेस्क्यू हे अवजार शिकून घ्यावे, त्यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारे उबुंटू पुरते. सेक्टरचा आकार २०४८ सांगायचा आणि नकाशाची फाइल, म्हणजे कोणते सेक्टर वाचले आणि कोणते राहिले याची नोंद, ठेवायची. पहिल्या फेरीत ते अवघड जागा सोडून पळते आणि सोपे तेवढे गोळा करते. दुसऱ्या फेरीत राहिलेल्या सेक्टरांवर तीनदा प्रयत्न करायला सांगावे. मग तबकडी काढून पुसायची, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालायची आणि तीच आज्ञा त्याच नकाशासह पुन्हा द्यायची. ते फक्त उरलेल्या भोकांकडेच जाते. नकाशाची फाइल चुकून पुसली तर सगळे पहिल्यापासून, आणि मरणपंथाला लागलेल्या तबकडीला दुसऱ्यांदा पूर्ण फिरवणे परवडत नाही. व्हीसीडीच्या चित्रणाला हे अवजार उपयोगी नाही, २०४८ चा हिशेब तिथे लागू पडत नाही. काही परदेशी डीव्हीडींवर चोरी टाळायला मुद्दाम खराब सेक्टर पेरलेले असतात. अशा तबकडीवर डीडीरेस्क्यू तासन्‌तास झुरते आणि हाती काही येत नाही. चकाकत्या नव्या तबकडीवर हजारो खराब सेक्टर दिसले तर तो संशय घ्यावा.

मग जागेचा प्रश्न. छापील सिनेमा बहुधा दुहेरी थराचा, साडेआठ जीबीपर्यंतचा. साधी कोरी डीव्हीडी ४.७ जीबीची, आणि कॉम्प्युटर तिला ४.३८ म्हणतो, दुकानदाराने फसवले नाही, मोजायची पद्धत वेगळी. कोऱ्या डीव्हीडीचे दोन प्रकार असतात; प्लस-आरपेक्षा मायनस-आरवर ३३९२ सेक्टर, म्हणजे साधारण सात एमबी जास्त असतात. काठोकाठ भरलेली प्रतिमा एकीवर बसते आणि दुसरीवर नाही, ती यामुळे. मोठा सिनेमा लहान तबकडीवर कोंबायला लोक अजूनही डीव्हीडी श्रिंक हे सॉफ्टवेअर वापरतात, त्याचा विकास थांबून दोन दशके झाली. वापरायचेच तर आधी जाहिराती, ट्रेलर आणि नको असलेल्या भाषांचे आवाज काढून टाकावेत. बऱ्याचदा तेवढ्यानेच सिनेमा न दाबता बसतो. चित्र मूळच्या ७० टक्क्यांखाली दाबावे लागत असेल तर तो नाद सोडून दुहेरी थराची कोरी डीव्हीडी घ्यावी. ती महाग पडते, आणि तिच्यात थर बदलण्याची जागा नीट निवडावी लागते : पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान चालत नाही आणि बदल दृश्याच्या तुकड्याच्या सीमेवरच यावा लागतो. इमगबर्न योग्य जागांची यादी पुढे ठेवते. काळोखी, शांत जागा घ्यावी, कारण तिथे प्लेअर क्षणभर थबकतो. प्लस-आर प्रकारची दुहेरी तबकडी घेऊन तिचा ‘बुकटाइप’, म्हणजे तबकडीचा प्रकार सांगणारी नोंद, डीव्हीडी-रॉम केला तर जुने प्लेअर तिला छापील समजतात.

कोऱ्या तबकडीवर ब्रँड कोणाचा हे पाकीट सांगते, बनवली कोणी हे सांगत नाही. ते तबकडीवरच्या ओळखक्रमांकात असते आणि इमगबर्नमध्ये दिसते. एकाच नावाच्या दोन डब्यांत वेगवेगळ्या कारखान्यांचा माल निघतो. जपानच्या ताइयो युदेनचा माल सर्वांत भरवशाचा मानला जाई, त्यांनी २०१५ मध्ये हे काम बंद केले. व्हर्बेटिम हा ब्रँड २०१९ पासून तैवानच्या सीएमसी कंपनीकडे आहे. वर्षानुवर्षे दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये; लेखन रंगद्रव्याच्या थरात होते आणि ऊन तो रंग खाते. आरडब्ल्यू तबकडी तात्पुरत्या कामाला ठीक, जपायला नाही.

लिहिण्याचा वेग जितका कमी तितके चांगले, हा समज पक्का आहे आणि चुकीचा आहे. १६ पट वेगाची तबकडी तिच्या वेगासाठी बनवलेली असते. तिला आठपट वेग मानवतो, भरलेली साधी डीव्हीडी आठ-दहा मिनिटांत होते. एक-दोनपटीला लेसर आणि रंगद्रव्य यांचा मेळच बसत नाही, आणि बऱ्याच ड्राइव्ह तो वेग देतही नाहीत. दुहेरी थराला २.४ किंवा चारपट ठेवावा, २.४ पटीला ४०-४५ मिनिटे लागतात. तेवढा वेळ लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग करावी. लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ सोडू नये. तबकडी बाहेर येऊन पुन्हा आत जाते आणि मूळ प्रतिमेशी सेक्टरवार ताडली जाते. वेळ दुप्पट लागतो म्हणून हीच पायरी सगळे गाळतात, आणि तीन वर्षांनी प्रत उघडत नाही तेव्हा कळते की ती पहिल्या दिवसापासूनच अर्धवट होती.

प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणत असेल तर तीनच गोष्टी पाहाव्यात. तबकडी बंद, म्हणजे फायनलाइज केली आहे का. व्हिडिओ-टीएस फोल्डर सगळ्यांत वरच्या पातळीवर आहे का; सिनेमाच्या नावाच्या फोल्डरमध्ये घातलेला चालत नाही. आणि आयएसओ फाइल ‘इमेज’ म्हणून लिहिली की साधी फाइल म्हणून टाकली. दुसऱ्या प्रकारात तबकडीवर एकच भलीमोठी फाइल दिसते.

डेटा डीव्हीडीवर प्रतिमा ठेवताना ती काठोकाठ भरू नये. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवून डीव्हीडिझास्टर या सॉफ्टवेअरने तिथे दुरुस्तीची माहिती भरता येते. पुढे काही सेक्टर गेले तरी ते त्यातून पुन्हा घडवता येतात. व्हीसीडीने जे चिलखत काढून टाकले तेच इथे परत चढवता येते. ब्लू-रे रायटर असेल तर २५ जीबीच्या एका बीडी-आरवर (लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकडीवर) साध्या आकाराच्या पाच डीव्हीडींच्या प्रतिमा राहतात, आणि एलटीएच असा उल्लेख नसलेली बीडी-आर सेंद्रिय रंगाऐवजी अजैविक थराची असल्याने टिकायलाही बरी. मात्र सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचे उत्पादन थांबवले. घ्यायच्या असतील तर आता घ्याव्यात.

प्रत कागदी स्टिकर लावून सजवू नये. स्टिकर एका बाजूला ओढतो, तबकडी डगमगते आणि दमटपणात फुगतो. बॉलपेननेही लिहू नये. पाण्याच्या शाईचा सीडी मार्कर, आणि तोही मधल्या पारदर्शक भागावर. चेन असलेल्या मऊ पाकिटांतून जुन्या सीडी बाहेर काढाव्यात. त्यांचे प्लास्टिक उकाड्यात तबकडीला चिकटते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात छापील कागदी कव्हर ओल धरते, म्हणून ते वेगळे ठेवावे, टाकू नये. त्यावरची नट-नाट्यकर्मींची नावे बहुधा चित्रणातही पूर्ण नसतात. मोबाइलने त्याचा फोटो काढून प्रतिमेच्या फोल्डरमध्ये टाकावा.

आणि प्रत झाल्यावर मूळ तबकडी भंगारवाल्याला देऊ नये. कायद्याच्या दृष्टीने प्रतीचा आधार तीच आहे. शिवाय आज न वाचलेले चाळीस-पन्नास सेक्टर उद्या मिळालेल्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचले जाऊ शकतात, नकाशाची फाइल मात्र तोवर जपून ठेवलेली हवी.

आपला,
एक वाचक, डोंबिवली